अहवाल निगेटिव्ह, बाळ गप्प : एक प्रकरण अभ्यास

फाईलला नावं ठेवायला जागा नव्हती. आईला गरोदरपणाच्या २४व्या आठवड्यात एचआयव्ही असल्याचं कळलं, त्याच आठवड्यात एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या, सुरू झाली आणि तेव्हापासून एकही गोळी चुकली नाही. ३४व्या आठवड्यातला व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, आटोक्यात. बाळ ३६व्या आठवड्यात जन्मलं, वजन २ किलो १०० ग्रॅम. बाळाला लागण होऊ नये म्हणून सहा आठवडे रोज नेव्हिरॅपिन हे औषध. सहाव्या आठवड्यात टाच टोचून कागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबांची चाचणी निगेटिव्ह, त्याच सुमारास इतर जंतुसंसर्ग टाळणारं कोट्रायमॉक्साझोल सुरू, नवव्या महिन्यातली चाचणीही निगेटिव्ह. लसी वेळच्या वेळी. नोंदवहीत त्या ओळीपुढे कुणीतरी हिरव्या पेनाने बरोबरची खूण केलेली होती.

आणि आईच्या मांडीवर चौदा महिन्यांचा मुलगा बसला होता. अर्ध्या तासात त्याने तोंडातून आवाज म्हणून काढला नाही.

एचआयव्हीसह जगणाऱ्या आया आणि त्यांची बाळं जिथे येतात, अशा केंद्रात मी बालविकास समुपदेशक आहे. या मुलाला माझ्याकडे पाठवलं तेही त्याच्या विकासाविषयी शंका आली म्हणून नव्हे. रक्त घेणारी परिचारिका सहज म्हणाली होती, "ताई, हे पोर रडतच नाही हो. सुई टोचली तरी नुसतं बघत राहिलं." तिने ते कौतुकाने सांगितलं होतं, पण मला ते ऐकून चैन पडेना. ओळख पटेल असा तपशील गाळून हे प्रकरण लिहिते आहे, कारण यात आमच्या कामाची एक मोठी उणीव उघडी पडली.

पहिली भेट

बाळ महिनाभर आधी जन्मलेलं, म्हणून त्याचं वय तेरा महिने धरून पाहायचं ठरवलं. धरून उभं राहत होता, दोन्ही हात धरले तर पावलं टाकत होता, एकट्याने चालत नव्हता. यात घाबरण्यासारखं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापानुसार निरोगी मुलं ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान कधीही एकटी चालू लागतात. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाणा उचलत होता. झाकण वाटीत टाकत होता, काढत होता. हाताला काम दिलं की हात व्यवस्थित चालत होते.

अडचण माणसांशी होती. मी बोट दाखवलं तर त्याने बोटाकडे पाहिलं, बोटाच्या रोखाने नाही. स्वतः कशाकडेही बोट केलं नाही. नावाने हाक मारली तर चौथ्या खेपेला मान वळली. बाबाबा, दादादा अशी बडबड नाही. झाकण पडलं तेव्हा त्याने आईकडे पाहिलं नाही, ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. या वयाचं मूल वस्तू पडली की आधी आईच्या तोंडाकडे बघतं, मग वस्तूकडे.

मी आईलाही तेवढ्याच बारकाईने पाहत होते. अर्ध्या तासात तिने त्याला अकरा वेळा हात लावला. नाक पुसलं, सदरा खाली ओढला, पाय सरळ केला, मांडीवरून घसरत होता म्हणून वर ओढला. अकराही वेळा काहीतरी कामासाठीच. त्याचं तोंड सतत बाहेरच्या बाजूला. बोलली दोनदा: "नको" आणि "सोड". एकदा फडकं घेऊन हात तोंडाजवळ नेला, तर त्याने ओठ घट्ट मिटले, मान बाजूला वळवली आणि तसाच थिजून बसला. औषध पाजताना मूल बसतं तसा. आईचा हात तोंडाकडे येतो तो काहीतरी पाजायला किंवा पुसायला, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"घरी याच्याशी काय काय बोलता?" मी विचारलं.

"बोलायचं काय ताई? त्याला अजून कळतंय कुठं?"

हे उत्तर मी शेकडो आयांकडून ऐकलं आहे, ज्यांना एचआयव्ही नाही त्यांच्याकडूनही. त्यामुळे त्या दिवशी मी त्यावर थांबले नाही. थांबायला हवं होतं.

तिसऱ्या भेटीत कळलं ते

खरी गोष्ट तिसऱ्या भेटीत बाहेर आली. मुलगा चटईवर झोपला होता. मी त्याच्या केसांवरून हात फिरवला तशी ती एकदम म्हणाली, "मी त्याची पापी घेत नाही. कधीच घेतली नाही."

मी गप्प राहिले. मग ती बोलत गेली. सहा महिने अंगावर पाजलं, ते आम्ही सांगितलं म्हणून. वरचं काही दिलं नाही, पाणीसुद्धा नाही, तेही आम्ही सांगितलं म्हणून. सहा महिने भरले त्या दिवशी तिने अंगावरचं तोडलं, कुणालाही न विचारता, एका दिवसात. "तेवढा एक धोका तरी गेला." त्यानंतर त्याला कुशीत घेण्याचं तिच्याकडे कारणच उरलं नाही. तो वेगळ्या पांघरुणात झोपू लागला. त्याचे कपडे वेगळे धुतले जाऊ लागले.

पण पापीचं काय? तिचं उत्तर जसंच्या तसं लिहिते: "तुम्हीच सांगितलं होतं ना, घास चावून भरवायचा नाही. म्हणजे तोंडातून लागतं."

ती सूचना चुकीची नव्हती. मोठ्यांनी चावून दिलेल्या घासातून मुलाला एचआयव्ही लागल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत. मात्र त्याचं कारण लाळ नव्हे. हिरड्यांतून, तोंडातल्या जखमेतून घासात उतरलेलं रक्त हे त्याचं कारण. लाळेने एचआयव्ही पसरत नाही. पापी घेतल्याने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने, कपडे एकत्र धुतल्याने पसरत नाही. आम्ही 'घास चावून देऊ नका' एवढं सांगितलं आणि पुढच्या मुद्द्याकडे गेलो. का देऊ नका, ते सांगितलं नाही. उरलेला अर्थ तिने स्वतः लावला, आणि एका भेदरलेल्या आईने लावावा तसाच लावला.

मी नंतर आमचा समुपदेशनाचा तक्ता काढून बसले. वाक्यं मोजली. हे टाळा, ते करू नका, हे चुकवू नका, अशा सूचना एकोणीस होत्या. बाळाशी बोला, त्याला छातीशी घ्या, त्याच्या हुंकाराला हुंकार द्या असं सांगणारं वाक्य एकही नव्हतं. विषाणूपासून बाळाला वाचवण्यात आम्ही इतके गुंतलो होतो की आईपासूनही त्याला लांब ठेवतो आहोत हे आमच्या ध्यानात आलं नाही.

मोठं चित्र थोडक्यात

उपचार नसतील तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावरचं दूध मिळून आईकडून बाळाला एचआयव्ही लागण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. आईला वेळेवर उपचार, बाळाला प्रतिबंधक औषध आणि पाजण्याविषयी योग्य आधार मिळाला तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. या यशामुळे आज जगात सुमारे १ कोटी ६० लाख मुलं अशी आहेत, जी विषाणूच्या छायेत वाढली पण ज्यांना लागण झाली नाही.

या मुलांच्या विकासाविषयीचे निष्कर्ष एकाच दिशेचे नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दोन वर्षांच्या वयाला अशी मुलं भाषेत मागे असल्याचं प्रमाण जास्त दिसलं. बोत्स्वानातल्या अभ्यासात त्याच वयाची मुलं एकंदरीत इतरांच्या बरोबरीने होती. मला यात विरोध वाटत नाही. अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, कमी वजन, आईचं खचलेलं मन, तंगी, लपवाछपवी या गोष्टी कोणत्या घरात किती एकवटतात यावर पुष्कळ अवलंबून असतं. या घरात त्यांतल्या बऱ्याच होत्या.

काय तपासलं, काय ठरवलं

मूल बोलत नसेल तर सर्वांत आधी कान तपासायचे, मग बाकीचे तर्क. कान चांगले निघाले. हिमोग्लोबिन ८.९ निघालं; लोहाची कमतरता होती आणि या वयात ती शिकण्यावरही परिणाम करते. डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं.

आईची नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची चाचणी घेतली. २७ पैकी १४ गुण, म्हणजे मध्यम स्वरूपाचं नैराश्य. नवव्या प्रश्नावर, मरणाचे विचार येतात का यावर, ती बराच वेळ खाली बघत राहिली आणि म्हणाली, "कधीकधी वाटतं, सकाळ होऊच नये." अशा वेळी विषय बदलायचा नसतो. मी सरळ विचारलं, जीव द्यायचं कधी ठरवलंय का? नाही म्हणाली. तरीही त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. दर आठवड्याला तिच्याशी बोलून करायचे मानसोपचार सुरू झाले. सकाळ होऊ नये असं वाटत असताना ही बाई जवळजवळ दीड वर्षं रोज ठरल्या वेळी गोळी घेत होती, आणि आम्ही तिच्या पुढ्यात 'उत्तम' लिहीत होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली लहान मुलांच्या विकासासाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत बाळाच्या खुणा ओळखून प्रतिसाद देणं, घरातच लवकर शिकायची संधी देणं, पोषणासोबत हेही शिकवणं आणि आईच्या मनाची काळजी घेणं या चारही गोष्टी आहेत. आम्हाला नवीन काही शोधायचं नव्हतं. ते या बाईच्या आयुष्यात बसवायचं होतं.

बसवायला अडचण होती गुपिताची. नवऱ्याला माहीत होतं, त्यालाही एचआयव्ही होता आणि तोही उपचारावर होता. पण कामासाठी तो बहुतेक बाहेरगावी. घरात सासूबाई, त्यांना काही माहीत नाही आणि कळू द्यायचं नव्हतं. आमच्या केंद्रातलं माणूस घरी गेलं असतं तर प्रश्न उठले असते. गोळ्या तीन महिन्यांनी एकदा मिळतात. तेवढ्यावर हे काम होत नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी 'बाळाच्या वाढीची तपासणी' या नावाने तिने यायचं ठरलं, आणि नाव खरंच तेच होतं.

चटईवर

या कामाचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो: मुलाशी आपण खेळायचं नाही, आईला खेळू द्यायचं. मला मुलांशी खेळायला आवडतं, आणि माझ्यासमोर मूल खुलतंही. पण मी खेळले की आई मागे सरकते आणि 'ताईंना जमतं, मला नाही' एवढंच घरी घेऊन जाते. म्हणून मी हात मांडीवर ठेवून बसायचं.

पहिल्या दिवशी एकच गोष्ट. त्याला समोरासमोर बसवायचं आणि तो करेल ते करायचं. त्याने झाकण जमिनीवर आपटलं. तिने आपटलं. तो थांबला. पुन्हा आपटलं, तिने पुन्हा. तिसऱ्या वेळी झाकण वर धरून तो थांबला आणि त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. बास, तेवढंच. दोन सेकंद असेल. मी हळूच म्हटलं, "बघितलंत? तुमची वाट बघतोय तो." तिला ते दिसलं होतं. पुढच्या भेटीत तिने स्वतःहून सांगितलं की घरी त्याने सात वेळा आपटलं आणि दर वेळी थांबला.

पापीविषयी मी व्याख्यान दिलं नाही. लाळ आणि रक्त यांतला फरक एकदा नीट समजावला, मग तिच्याकडून तो परत म्हणवून घेतला. कपडे एकत्र धुतले तर काय होईल, ताट एक असेल तर काय होईल, असं एकेक ती स्वतः सांगत गेली. तरी जवळजवळ महिनाभर ती त्याच्या तळपायाचीच पापी घेत होती. "तिथं काही व्हायचं नाही," म्हणायची. मी घाई केली नाही. याच काळात तिच्यासारख्याच एका आईला, जिची मुलगी आता शाळेत जाते, तिच्यासोबत बसवलं. केपटाऊनला २००१ साली सुरू झालेल्या मदर्स टू मदर्स या संस्थेने हीच रीत रुजवली: जी स्वतः यातून गेली तिने पुढचीला हात द्यायचा. त्या दोघी काय बोलल्या मला माहीत नाही. त्यानंतरच्या भेटीत मुलगा तिच्याकडे तोंड करून मांडीवर होता.

माझी एक चूक इथे नोंदवते. विकतची खेळणी लागत नाहीत हे दाखवण्याच्या उत्साहात मी म्हटलं, गोळ्यांची रिकामी बाटली घ्या, छान खुळखुळा होतो. तिचा चेहरा पांढरा पडला. ती बाटली सासूबाईंच्या नजरेस पडू नये म्हणून ही बाई वर्षभर गोळ्या कागदात बांधून ठेवत होती. शिवाय औषधाची बाटली हे खेळणं आहे असं मुलाला शिकवणं मुळातच धोक्याचं. उद्या तो भरलेली उघडेल. वरिष्ठ सहकाऱ्यांनी मला त्याच दिवशी सुनावलं आणि ते योग्यच होतं. झाकण असलेला प्लास्टिकचा डबा आणि चमचा, यावर आम्ही आलो.

खरं वळण मात्र सासूबाईंमुळे आलं. 'वाढीची तपासणी' आहे म्हणून एके दिवशी त्या स्वतःच नातवाला घेऊन आल्या. या आजी सतत बोलतात. दार उघडलं तर दाराशी, भांडं पडलं तर भांड्याशी. नातवाशी मात्र बोलत नव्हत्या, कारण "सुनेला आवडत नाही, ती त्याला कुणाला घेऊ देत नाही." सून का देत नव्हती ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "आजी, तुम्ही जे काम कराल ते करता करता याला सांगत जा. आणि तो काही बोलला तर थांबून ऐका." आजाराचा एक शब्दही न सांगता हे साधलं. गुपित फुटल्याशिवाय मुलाला मदत करता येणार नाही असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं.

काय झालं, काय नाही

साडेसोळाव्या महिन्यात तो एकटा चालला. अठराव्या महिन्यात अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर तयार करतं त्या प्रतिपिंडांची, शेवटची चाचणी निगेटिव्ह आली. आईकडून आलेल्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणून ही चाचणी तेव्हाच निर्णायक ठरते. तेव्हा त्याच्याकडे तीन शब्द होते आणि बोट दाखवायला तो शिकला होता. हिमोग्लोबिन ११.२. आईचे गुण १४ वरून ६.

दोन वर्षांचा झाला तेव्हा वीसेक शब्द, दोन शब्द जोडणं क्वचित. हे वयाच्या मानाने कमी आहे. वाचा-उपचार तज्ज्ञांकडे पाठवलं आहे, ते उपचार चालू आहेत. वडिलांना यात आणण्यात आम्हाला यश आलं नाही. दोनदा आले, दोन्ही वेळा दारातच थांबले.

सुधारणा कशामुळे झाली ते एका मुलावरून ठरवता येत नाही. लोह सुरू झालं, आईचं मन सावरलं, आजी बोलू लागल्या, मूल वयानेही वाढलं, सगळं एकाच सहा महिन्यांत. खेळातून केलेली मदत टिकते याचे पुरावे मी इतरत्र पाहते: जमैकात १९८०च्या दशकात वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवरचा अभ्यास झाला. त्यांतल्या ज्यांच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला तासभर आरोग्यसेविका जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवत होती, त्यांची कमाई वीस वर्षांनंतर तशी मदत न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. त्या मुलांच्या आयांना एचआयव्ही असल्याचा संबंध नव्हता. पण चटईवर जे चालतं ते तेच.

अठराव्या महिन्याच्या अहवालानंतर नोंदवहीत या मुलापुढे 'निगेटिव्ह, नोंद बंद' असं लिहायची आमची रीत आहे. मी ते लिहू दिलं नाही. यावरून वाद झाला. मनुष्यबळ कमी आहे, ज्यांना लागण झाली त्या मुलांना आधी बघायला हवं, हे म्हणणं खोटं नाही. शेवटी एक नवा रकाना आखला, 'विकास', आणि सगळ्या निगेटिव्ह मुलांची तिसऱ्या वाढदिवसापर्यंत सहा महिन्यांनी एक भेट ठेवली. समुपदेशनाचा तक्ताही बदलला. प्रत्येक 'नका'पुढे आता 'कारण' आहे, आणि त्याखाली 'हे मात्र नक्की करा'.

गेल्या भेटीत मुलगा दाराशी उभा राहून "आजी, ये" असं कुणी नसलेल्या बाजूला ओरडत होता. आईने त्याला उचललं, तो वळवळला, तिने त्याच्या गालावर तोंड टेकवलं आणि मला विचारलं, "ताई, हा मोठा झाला की याला माझं सांगावं लागेल का?"

मी म्हटलं, शाळेत जायच्या वयाला मुलांना आई-वडिलांच्या आजाराविषयी समजेल तसं सांगावं, अशी शिफारस आहे. एका दिवसात नाही, थोडं थोडं. तिने बोटं मोजली. "म्हणजे अजून चार वर्षं आहेत."

"आहेत."

"मग तोवर सासूबाईंचं बघू," ती म्हणाली, आणि पुढच्या भेटीची तारीख लिहून घेतली.